फडक्यात राहिलेला चोथा

झाशी, ३ फेब्रुवारी १९७४

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना वर्कशॉपातल्या वाफेने पोळून आज सहा दिवस झाले. गळा आतून सोलला आहे, म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घातली आहे. डॉक्टर म्हणाले, भाजलेले शरीर स्वतःचेच मांस खाऊ लागते, तेव्हा प्रथिने भरपूर द्या. चण्याचे सत्तू, मुगाची डाळ आणि पनीर वाटून दिवसातून सहा वेळा मीच नळीत ओततो. काल नळी तुंबली. दुसरी घालताना रक्त आले, बाबांनी पाय झाडले. आई तिकडे वहिनींच्या बाळंतपणात आहे, तिला कळवू नये.

लोभ असतोच, या दिवसांत थोडा जास्त असावा.

श्रीकृष्ण

भुसावळ, ७ फेब्रुवारी

चि. श्रीकृष्णास,
अ. उ. आ.

मॅट्रिकला दोनदा बसून जमले नाही, निदान वरवंटा तरी जमेल असे वाटले होते. नळी पुन्हा तुंबली तर मला तोंड दाखवू नकोस. मला रजा नाही.

मार्तंड

झाशी, २५ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र आल्यापासून नळी एकदाही तुंबली नाही. प्रत्येक वाटण मी दुहेरी मलमलीतून दोनदा गाळत होतो. चोथा शेजारच्या खाटेवरच्या मऊरानीपूरच्या म्हाताऱ्याला देत असे. तो काल पायी घरी गेला.

आज डॉक्टरांनी मला गाळताना पाहिले. फडके उघडून म्हणाले की भैया, ताकत सारी इसी में थी, तुमने सोलह दिन इन्हें पानी पिलाया. जखमा भरलेल्या नाहीत, मांड्यांची हाडे दिसतात. आता उशीर झाला म्हणाले.

बाबा रोज पाटीवर भूक असे लिहीत. मी त्याखाली लिहीत असे, माप पूर्ण दिले आहे, हा आजाराचा भास आहे. मग ते माझा हात धरून झोपत. त्यांना काय सांगू?

लोभ उरला असेल तर असू द्यावा.

श्रीकृष्ण

भुसावळ, १ मार्च

चि. श्रीकृष्णास,

आईला सांगितले. बाळंतिणीला टाकून जाऊ नकोस म्हणून मीच तिला थांबवली. बाबांना खरे सांग. भूक खरी होती, एवढे तरी त्यांना कळून जाऊ दे. तुला बरे वाटावे म्हणून त्यांनी खोट्यात मरू नये.

मार्तंड

झाशी, ५ मार्च

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या आज्ञेप्रमाणे परवा पाटीवर सर्व लिहिले. त्यांनी दोनदा वाचले. मग माझ्या हातातून हात काढून पांघरुणात घेतला. त्यानंतर पाटी मागितली नाही. आज सकाळी गेले. तार केली आहे.

आई येईल तेव्हा मी स्टेशनवर यावे की नको, तेवढे कळवावे.

श्रीकृष्ण