तांबशेपट्या ओ देतो

३ मार्च, रविवार
मास्तरांनी पक्षी शोधायच्या ग्रुपच्या मीटिंगमध्ये वह्या वाटल्या. तारीख, वेळ, हवा, काय दिसलं, काय ऐकलं, एवढंच लिहायचं म्हणाले. माझ्या वहीला दुसरी एक चिकटून आली. ती ही. परत देणार नाही. मास्तरांची मास्तरांना, ही माझी. कुणी वाचायचं नाही.

पक्ष्याचं नाव तांबशेपट्या. कोंबडीच्या पिल्लाएवढा, मातकट, शेपटीखाली तांबूस. एकतीस वर्षांत कुणाला दिसलेला नाही. सगळा वेळ गवतात लपून, त्यामुळे सापडला तर आवाजावरूनच सापडेल म्हणे. तीस तारखेच्या आत त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वनखात्याच्या ऑफिसात दिलं तर तो राहायचा ते पाणथळ वाचेल. नाहीतर भराव टाकून ट्रक उभे करणार.

ग्रुपमध्ये नऊ माणसं. गळ्यात दुर्बिणी. एक बसड्रायव्हर आहे, तो मागच्या खुर्चीवर बसतो आणि बोलत नाही. बाकीचे नुसतेच बोलतात. यांच्याने काही होणार नाही. मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत बावीस वर्षं काढली, चारशे चादरींतला एक डाग मला लांबून दिसतो. पक्षी मलाच सापडणार.

४ मार्च
मास्तरांनी सगळ्यांच्या मोबाइलवर जुन्या टेपवरचा आवाज पाठवला. दोन लांब शिट्ट्या, मग एक खाली घसरणारी, शेवटी खर्रर्र. नियम असा: आपल्या वारी, आपल्या पट्ट्यात, तीनदा वाजवायचा. मग दहा मिनिटं गप्प. पक्ष्याला वाटतं दुसरा कुणी आलाय, मग तो उत्तर देतो. जास्त वाजवलं तर बिथरतो.
मला पूर्वेचा काठ दिलाय, फक्त रविवारी. आठवड्यातून एकदा हाक मारून कोण ओ देतं? माझी लेक रोज फोन केला तरी देत नाही. उद्यापासून रोज जाणार. मास्तरांना विचारायची गरज नाही.

५ मार्च, सकाळी ६.४०
वाजवला. काही नाही. एक बूट चिखलात गेला. दहा मिनिटं गप्प बसायचं होतं, चार बसले. तेवढ्यात कुत्रं आलं, त्याला ओरडून हाकललं. ते धरून पाच.

६ मार्च, बुधवार
काही नाही. लॉन्ड्रीतल्या मॅडमनी बुटांकडे बघून विचारलं, हे काय? मी म्हटलं, संशोधन. म्हणे, बरं झालं, मग आधी तिसऱ्या मजल्याचे उशांचे अभ्रे कुठे गेले त्याचं संशोधन करा.

७ मार्च, ६.५२
ओ दिली!!! पलीकडच्या काठावरून, उंच गवताच्या मागून. दोन लांब, एक घसरती, शेवटी खर्रर्र. हुबेहूब. मी परत वाजवला, परत ओ. ऐकण्याच्या नादात रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहिलं. रडले नाही. थंडीने डोळ्यांत पाणी येतं.
लेकीला फोन केला. कामात होती. नंतर करते म्हणाली.
मास्तरांना इतक्यात सांगणार नाही. सांगितलं की सगळे येतील दुर्बिणी लटकवून आणि बोलून बोलून त्याला पळवून लावतील. रेकॉर्डिंग पक्कं झालं की सांगेन. तोवर तो माझा.

१० मार्च, रविवार
रोज ओ देतो. पावणेसात ते सात. घड्याळ लावून घ्यावं. नियम तीनदाचा, आमचं आठ-दहादा होतं. बिथरत नाही. उलट मी थांबले की तोच आधी सुरू करतो.
मीटिंगमध्ये कुणीतरी त्या खरखरीचं विचारलं. मास्तर म्हणाले, ती टेपची असेल. टेपची कशी? याच्याही घशात आहे ती. मास्तर शिकलेले आहेत म्हणून सोडून दिलं. दिवसभर बोलायला कुणी नसलं की घसा असाच होतो. सुटीच्या दिवशी संध्याकाळी माझाही होतो.

१३ मार्च, बुधवार
आला नाही. बुधवारी बोलायचं नाही अशी त्यांची जातच असेल. हे मास्तरांच्या पुस्तकात नसणार. शोध माझा.

१६ मार्च
निश्चय. एक, रोज साडेसहाला हजर. दोन, रेकॉर्डिंग. तीन, कुत्र्यावर ओरडायचं नाही, आत्तापर्यंतच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये मीच ऐकू येते. पेपरात फोटो आला तर निळा ड्रेस. तो कंबरेत घट्ट होतो, पण फोटो वरचाच घेतात.
लेक फोनवर म्हणाली, आई, एकटीच जातेस त्या चिखलात, पडलीस म्हणजे? मी म्हटलं, एकटी नसते. म्हणाली, कोण असतं? मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. तेव्हापासून दिवसात दोन-दोन फोन येतायत. येऊ देत.

१९ मार्च
अंगात कणकण. तरी गेले. न गेले तर तो काय समजेल?
आज वाजवायच्या आधी त्याच्याशी थोडं बोलले. हळूच. म्हटलं, हे जाऊन सहा वर्षं झाली. लॉन्ड्रीत मशीनच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, सगळ्या जणी खुणा करतात. म्हणून माझा आवाज मोठा. लोकांना वाटतं भांडते. बोलून झालं आणि तिकडून एकदाच ओ आली. मधे तोंड घातलं नाही. ह्यांनी सबंध जन्मात एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

२३ मार्च
झालं! चार मिनिटं, स्वच्छ. कुत्रं नाही, मी नाही, वारा नाही. नुसता तो. उद्या मीटिंग. आज लॉन्ड्रीत मॅडम काहीतरी बोलल्या, मी ऐकलंच नाही. पाणथळ वाचलं म्हणायला हरकत नाही. काठावर पाटी लावतील, त्यावर माझं नाव असेल. पुसायला मीच जाईन, बाकीचे कुठले जातायत.

२४ मार्च, रविवार
निळा ड्रेस घालून गेले. चहा संपल्यावर उभी राहणार, तेवढ्यात ड्रायव्हरने हात वर केला. तीन मीटिंगांत पहिल्यांदा. म्हणाला, मास्तर, मला सापडलाय. पश्चिमेच्या काठावर. पावणेसातला येतो, अगदी वेळेवर. बुधवारी माझी पहिली बस असते, तेवढा दिवस सोडून मी रोज जातो. फक्त पलीकडे एक बाई कुत्र्यावर बोंबलत असते, तिचा काहीतरी बंदोबस्त करा.
मोबाइलवर लावून दाखवला. सगळे टाळ्या वाजवायला लागले.
मी म्हटलं, थांबा. सात तारखेपासून तो माझा आहे. मी पण लावला.
मास्तरांनी दोन्ही मोबाइल शेजारी ठेवले. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, दोन्हींत शेवटी तीच खरखर आहे. ही टेपची खरखर. तुम्ही दोघं अठरा दिवस एकमेकांना टेप ऐकवत होतात.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता आले असते. ते मग ड्रायव्हरला सुनावले. म्हटलं, तुम्हाला पण रविवारच दिला होता ना? रोज कशाला तडफडायचं? तुमच्या वाजवण्याने खरा पक्षी पळाला. आता येऊ देत ट्रक, बसा हॉर्न ऐकत.
तो म्हणाला, असेल. मग म्हणाला, मला वाटायचं एकटाच उरलाय, रोज वाट बघत असेल, म्हणून येत होतो.
आणि खाली बसला.
मी बरोबरच बोलले.

२५ मार्च, ६.४५
गेले. खऱ्या पक्ष्यासाठी. अजून पाच दिवस आहेत. तीनदाच वाजवला. पलीकडून काही नाही. दहा मिनिटं पूर्ण बसले.

२६ मार्च
काही नाही. वीस मिनिटं बसले.

२७ मार्च, बुधवार
बुधवार. त्यामुळे काही नसणारच. तरी गेले.

२८ मार्च
चालत पश्चिमेच्या काठाला गेले. मुद्दाम नाही, बूट सैल करायला. तिथे गवत एके ठिकाणी बसून बसून दबलेलं. एका माणसाच्या मापाचं. जरा वेळ बाजूला उभी राहिले.

३० मार्च
मास्तर एकटेच ऑफिसात जाऊन आले. आपल्याकडे द्यायला काही नव्हतं म्हणाले. मी म्हटलं, माझी चार मिनिटं द्यायची होती, त्यांना काय कळतंय. मास्तर म्हणाले, मला कळतंय ना.

२ एप्रिल
भराव सुरू. पूर्वेकडूनच. मी बसायचे तिथे आता ट्रक उलटा येतो. लेकीचे फोन कमी झाले. विचारलंन, ते तुझे सकाळचे कोण होते ते आहेत का अजून? मी म्हटलं, कामात असतात.

६ एप्रिल
ग्रुप बंद. मास्तरांनी सगळ्यांना सर्टिफिकेट केलंय. ड्रायव्हरचं तेवढं राहिलं. तो फोन उचलत नाही, खोलीही सोडली म्हणे. मास्तर म्हणाले, तुमची चांगली ओळख झाली असेल, तुम्ही पोचवाल का? मी म्हटलं, न पोचवायला काय झालं. घरी येऊन वाचलं, तेव्हा त्याचं नाव कळलं. चांगलं नाव आहे. मोठ्याने म्हणून बघितलं.

८ एप्रिल
अर्धी सुटी टाकून बसडेपोत गेले. खिडकीतल्या कारकुनाला नाव सांगितलं. म्हणाला, त्यांची बदली झाली. म्हटलं, कुठे? म्हणाला, असं कुणालाही सांगता येत नाही, तुम्ही त्यांच्या कोण?
मागे रांग होती. मला घाई होती. निघून आले.