काचेपुढचं कुंकू

५ ऑक्टोबर
माफ कर, वही. गणपतीपासून तुला हात लावला नाही. आणि आज बसले तर शब्दांच्या आधी ती शांतताच येते.

दसऱ्याला दादाने मला त्याच्या विमानात बसवलं. आठ वर्षं खपून स्वतः बांधलेलं. सगळं तपासून झालं, मग पूजा. मंडईतल्या झेंडूचा हार, नारळ. काचेपुढेच पेट्रोलच्या टाकीचं झाकण. आई म्हणाली, "हे त्याचं कपाळ," आणि ओलं हळदकुंकू चांगलं थापलं.

उडालो. झाडांच्या जरा वर आलो आणि इंजिन खोकलं, थांबलं.

भीती शोधतेय, सापडत नाही. नुसता वारा. खाली शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा अगदी स्पष्ट. नांगरटीवरून आमची सावली आमच्याकडेच येत होती. दादा हळूच म्हणाला, "मिनू, पट्टा घट्ट कर."

चाक मोडलं. दादाचं मनगट. मला खरचटलंसुद्धा नाही.

८ ऑक्टो.
वर्गात मुली पेपर लिहीत होत्या, मी पहाऱ्यावर. वीज गेली, पंखे थांबले. मी परत तिथेच, वर.

आई येईल त्याला सांगते, "माझ्या कुंकवाने वाचली दोघं."
वरच्या मजल्यावरचे काका: "मग पेट्रोल कशाला घालता?"
आई: "तुम्ही घालता ना स्कूटरमध्ये? तरी ढकलतच आणता."

दादा हसला नाही. "नळ्या मी जोडल्या होत्या, मिनू. तुझा जीव गेला असता. रविवारी भंगारवाला येतोय."

११ ऑक्टो., शनि.
टाकी रिकामी करायला दादाने मला पाठवलं. तो विमानाच्या शेडकडे फिरकत नाही.

झाकणाला टाचणीएवढं भोक आहे. दादाच सांगायचा, "यातून टाकी श्वास घेते. बुजलं तर पेट्रोल खाली उतरत नाही."

बुजलेलं. वाळून घट्ट, लाल-पिवळं.

वर असताना ते माझ्या डोळ्यांसमोरच होतं. ऊन पडलं की चमकायचं. किती सुंदर, असंच वाटलं होतं. पूजा झाल्यावर पुन्हा कोण तपासतं?

दादाला सांगितलं तर विमान वाचेल. आई मात्र... आणि हेच कारण कशावरून? मला इंजिनातलं काय कळतं? की मलाच पुन्हा वर जायचंय, म्हणून हे कारण हवंय?

घरी आले तर आई: "पेट्रोलचा वास मारतोय. आधी हात धू."
धुतले. झाकण पर्समध्ये, न धुता.

उद्या: भंगारवाला यायच्या आत दादाला झाकण दाखवणे.