भाईंदरची हाय

प्रिय रसिका,

हे पत्र भूपेशभाईंनी आणून दिलं म्हणून त्यांच्यावर डाफरू नकोस. ते बिचारे माझा गाऊन कमरेत आवळून द्यायला केबिन रोडच्या शिलाईच्या दुकानातून इथे हॉटेलवर आले होते. परत जाताना जेसल पार्कला तुझ्या बिल्डिंगखाली थांबा म्हणून मीच त्यांच्या गळी पडले. "बेटा, मेसेज कर दे ना, आजकल चिठ्ठी कौन लिखता है," म्हणाले. अहो, फोन असता तर! शिबिराच्या पहिल्याच दिवशी आम्हा अठ्ठावीस जणींचे फोन काढून घेतलेत. आणि खरं सांगू, फोन हातात असता तरी तुला केला नसता, कारण तू उचलला नसतास. आपण बोलून तेवीस दिवस झाले. मी मोजलेत. तू मोजले नसशील तर आता मोज.

दुपारचे तीन वाजलेत, डोक्याला सतरा रोलर लावून बसलेय आणि मान हलवायची नाही अशी तंबी आहे. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घे. उद्या संध्याकाळी सहाला राष्ट्रीय फेरीची अंतिम रात्र. माझ्या छातीवर 'महाराष्ट्र' लिहिलेला पट्टा, आणि हॉटेल कुठे, तर काशिमिऱ्याला! आमच्या खारीगावातून रिक्षाने पंचवीस मिनिटं. पण पत्रिकेवर छापलंय 'मुंबई'. मी पहिल्या दिवशी म्हटलं की अहो, हे मीरा-भाईंदर आहे, मी इथलीच आहे, तर सगळे असे हसले की मी जणू काही विनोदच केला. इथे काय करतात माहितीये? प्रत्येकीला एकेक मोठं शहर वाटून देतात. माझ्या खोलीतली हेमाली गुजरातेतल्या उमरगावजवळच्या एका खेड्यातली, तिला सांगितलंय सुरत म्हण. ओडिशाची मुलगी भुवनेश्वरची झाली, हिमाचलची शिमल्याची. मला मुंबई मिळाली. तूही मला तेच दिलं होतंस, आठवतंय ना?

मी विसरलेली नाही गं. स्पर्धेचा फॉर्म तू भरलास, फोटो तुझ्या गॅलरीत तू काढलेस, आणि उंची मोजायला माझ्या आधी भिंतीला टेकून तू उभी राहिलीस. पाच फूट दोन. अट पाच फूट पाचची. तू टेप पुन्हा सरळ केलीस आणि म्हणालीस, चल, आता तू उभी राहा. तेव्हापासून दोन वर्षं रोज संध्याकाळी जेसल पार्कच्या चौपाटीवर मला चालायला शिकवलंस. डोक्यावर तुझ्या बाबांची जाडजूड डिक्शनरी ठेवलीस आणि ती पडेना तेव्हा केवढी खूश झालीस! मग आमच्या घरी येऊन आईला कौतुकाने दाखवायला गेलीस, तर आईने ती डिक्शनरी स्वतःच्या डोक्यावर ठेवून अख्खं अंगण झाडून काढलं. मिठाच्या टोपल्या वाहिलेली बाई ती, तिला तुझ्या डिक्शनरीचं काय? तू हसून हसून ओट्यावर बसलीस. त्या दिवशी मला वाटलं, ही पोरगी आता आपल्या घरातली झाली.

चालणं जमलं, पण बोलणं? तिथे माझं घोडं अडलं. आमच्या घरात 'आहे' नाही, 'हाय' आहे. 'नाही' नाही, 'न्हाय' आहे. तू दंड लावलास, तोंडातून एक 'हाय' निघाला की उंच टाचांवर चौपाटीची एक फेरी. एका संध्याकाळी माझ्या अकरा फेऱ्या झाल्या आणि टाचेची सालं निघाली. पण मी शिकले. कॉलेजात, मॉलमध्ये, मुलाखतीत 'आहे, आहे, आहे' करत सुटले. घरी आईशी बोलतानाही एकदा 'आहे' म्हणाले, तेव्हा आईने भाकरी थापता थापता वर बघितलं आणि मला विचारलं, पावनी आलीस का गो? ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

मग ती राज्याची फेरी. तू लिहून दिलेलं वाक्य मला झोपेतही पाठ होतं, 'मी भाविका, मी मुंबईची आहे.' आणि माईक हातात आला, समोर तिसऱ्या रांगेत नवं लुगडं नेसून बसलेली आई दिसली, आणि माझी जीभच फिरली. 'मी भाविका, मी भायंदरची हाय!' कर्म माझं! पब्लिकला वाटलं मी इंग्रजीतलं 'हाय' केलं. अख्खा हॉल ओरडला, "हाऽऽय!" पोरं हात हलवायला लागली. घाबरून मीही हात हलवला. त्याची रील झाली, ती कुठल्या कुठे गेली, आणि मी 'हाय गर्ल' झाले. पट्टा मिळाला तो त्या 'हाय'मुळे की तुझ्या दोन वर्षांमुळे, देव जाणे.

तू स्टेजमागे आलीस ती लालबुंद होऊन. दोन वर्षं पाण्यात घातलीस म्हणालीस. नेमक्या वेळेला तुझं गावठी तोंड उघडलंस म्हणालीस. माझ्या तोंडाचं जाऊ दे गं, पण माझी आई शेजारी उभी होती. डब्यात माझ्यासाठी तांदळाची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन उभी होती. मी तुला जा म्हटलं, तू गेलीस, आणि तिथेच आपलं तुटलं. मला तुझा राग आलाय, रसिका. अजून आहे. आणि तुझी आठवणही रोज येते. दोन्ही एकदम येतात त्याला मी काय करू?

पण त्यानंतर रिक्षात काय झालं ते तुला माहीत नाही. आई मांडीवर डबा धरून रस्ताभर बाहेरच बघत होती. मला वाटलं, गावठी हा शब्द तिला लागला. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने माझा हात धरला आणि विचारलं, "तू बोललीस भायंदरची हाय, आन अख्खा हॉल बोलला हाय! सगली आपलीच मानसा व्हती काय गो?"

कळलं का तुला? तिला वाटलं, ते सगळे मला उत्तर देत होते. हाय, तू भाईंदरचीच हाय. हजार माणसांनी एका आवाजात सांगितलं असं तिला वाटलं. डोळे चमकत होते गं तिचे. बाबा बारा वर्षं मिठागरात, ती त्यांच्या बरोबरीने, मग मिठागर बंद झालं, आजूबाजूला टॉवर आले, आणि तिच्याच गावात दुकानदार तिच्याशी हिंदीत बोलायला लागले. वर तिची पोरगी 'आहे' म्हणायला लागली. आणि त्या दिवशी एवढा मोठा हॉल तिच्या बोलीत बोलला! मी तिला म्हटलं, हो आई, सगली आपलीच व्हती. खोटं बोलले, आणि अजिबात वाईट वाटलं नाही.

आता इथली गंमत ऐक. उद्या ओळखीचं पहिलं वाक्य प्रत्येकीने आपापल्या भाषेत म्हणायचंय. नाच बसवणारे यतीन सर आहेत, त्यांना ती रील तोंडपाठ आहे. ते म्हणतात, 'हाय' म्हटल्यावर थांब, हात हलव, एक डोळा मार, पब्लिक पुढचं बघून घेईल. "वही तेरी पहचान है, समझ." माणूस वाईट नाही, माझ्या भल्याचंच सांगतोय. पण आज सकाळच्या तालमीत मी हात खालीच ठेवला. त्यांनी गाणं थांबवलं. पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा हात खाली. तिसऱ्यांदा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, कल भी ऐसे ही करना है क्या? मी म्हटलं, हां सर. ते म्हणाले, तेरी मर्ज़ी, पहिल्या पाचांत नाव नाही आलं तर मग रडू नकोस.

नाही रडणार. पण मी हरायलाही आलेली नाही, हे तू पक्कं समज. मला तो मुकुट हवाय. उगाच साधेपणाचा आव आणत नाही, मला तो डोक्यावर घालून खारीगावात रिक्षातून उतरायचंय. फक्त माझ्या आईच्या शब्दाची चेष्टा करून नकोय. मी सरळ उभी राहणार आणि म्हणणार, 'मी मंजुलाची पोर हाय. मी भायंदरची हाय.' पुढची सगळी उत्तरं तू शिकवलेल्या शुद्ध मराठीत आणि बऱ्यापैकी इंग्रजीत देईन, तुझी मेहनत वाया जाऊ देणार नाही. हेमालीने काल विचारलं, ये तुम्हारे हाय का मतलब क्या है? मी म्हटलं, मतलब 'हूँ'. तशी ती म्हणाली, मग मीपण माझ्या गावाचंच नाव घेणार, सुरत गेलं तेल लावत. म्हणजे उद्या यतीन सरांना दोन झटके आहेत.

आता काम सांगते. पाकिटात दोन पास आहेत. एक आईचा, दुसरा तुझा. बाबा म्हणाले मी घरून मोबाइलवर बघतो, रसिका असली तर आईला बरं पडेल. तू गावठी म्हणालीस ते आईने ऐकलं होतं, तरी मी शिबिराला निघेपर्यंत ती विचारत होती, रसिका आली न्हाय का गो? तेव्हा तू ये, आणि आईच्या शेजारी बस. निवेदिका इंग्रजीत बोलेल, आई दर दोन मिनिटांनी तुझ्या कानाशी लागून विचारेल, काय बोलली गो ती? नेहमीसारखं तिला सगळं समजावून सांग, प्रश्न काय, गुण किती, कोण गेली, कोण राहिली. पण मी माझं वाक्य म्हटलं की लोक रील आठवून पुन्हा "हाऽऽय!" ओरडणार, मी हात हलवला नाही तरी ओरडणार. आई तुझ्याकडे वळेल आणि विचारेल, सगली आपलीच मानसा हायत काय गो? तेव्हा तेवढा एक शब्द समजावू नकोस, रसिका. तिचा हात धर आणि फक्त म्हण, "हाय."

दंडाची फेरी मी तुझ्याबरोबर मारीन.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
भाविका