टाक्यांचा नवस

आचरा, १८ फेब्रुवारी २०२५

सकाळी विहिरीवर आंघोळ केली. पेज जेवलो. बाबांचे कपडे उन्हात घातले. कोणी आलं नाही.

सौ. स्वप्नाताईस धाकट्या चुलतभावाचा (सध्या टकल्याचा) नमस्कार.

तुझा गुडघा वाकतो का आता? बाबांच्या दहाव्याला आली नाहीस ते बरंच झालं. तुझा देवेश माझ्यासारखे केस लावून घ्यायचं म्हणतो, म्हणून तू डॉक्टरचा नंबर मागितलास. खाली देतो, पण आधी त्याला हे वाचून दाखव.

अकरा वर्षांपूर्वी तुझ्याकडे राहून मी डोक्यामागची कातडी कापून पुढे केस लावून घेतले (स्थळं यावीत म्हणून; आली, चहा पिऊन गेली). लावलेले टिकले, खोटं कशाला बोलू. त्यांच्या मागचे माझे स्वतःचे मात्र गेले. कुंपण राहिलं, बाग गेली. पुन्हा लावायला मागे केसच उरले नाहीत, असं डॉक्टर म्हणाला. व्रण दरवर्षी रुंदावतो, थंडीत खाजतो, आणि खाजवलं तर बोटांना कळतं, डोक्याला कळत नाही.

व्रण कसला म्हणून विचारल्यावर बाबांना मी तळेरे फाट्यावर मोटारसायकल घसरली असं सांगितलं, ते तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. ते एसटीने तळेऱ्याला गेले आणि माझ्या मुलाला उचललं कोणी, असं प्रत्येक हॉटेलात विचारत सुटले. लवू चहावाल्याने मान डोलावली. तेव्हापासून दर मे महिन्यात त्याला आंब्याची पेटी, आणि मी वाचलो म्हणून दर १९ फेब्रुवारीला देवळात नवसाचा नारळ. बाबा अनवाणी चालायचे. मी मागून, टोपी घालून.

दहाव्याला क्षौर टळणार नव्हतं. बाबली न्हाव्याचा वस्तरा मागे येऊन थांबला. "अरे विनीत, रेघ पट्टीन मारल्यासारी सरळ आसा. डांबराक पट्टी खंय गावली?" सगळे मागे येऊन बघू लागले. तेवढ्यात लवू (तोही आला होता) पुढे सरसावला. "मिया हेका उचललंय तेव्हा रगात नुसता व्हावत होता!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अकरा वर्षं आंबे खाऊन त्याला ते खरंच आठवू लागलं असावं.

मग पिंडाला कावळा शिवेना. काशीकाकी रडू लागली, "भावोजींचो जीव खंयतरी अडकलोहा, सांगान टाका रे!" आंब्याच्या कलमांचं वचन दिलं, घराचं दिलं, काकांनी माझ्या लग्नाचंही देऊन टाकलं. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. पण चारचौघांत तोंड उघडलं नाही. ऊन चढलं तसा भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मुलाचा अपघात खोटा, तसा बापाचा कावळाही.

तुझा भाऊ,
विनीत

ता. क. : डॉक्टरचा नंबर देत नाही. दवाखाना बंद झाला, तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे.

ता. क. आणखी एक : गेल्या वर्षी देवळाच्या वाटेवर मी घाम पुसायला टोपी काढली, तर बाबा म्हणाले, "टोपी घाल रे. कापलेला काय नि पडलेला काय, ऊन लागतलाच." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. ताई, तू त्यांना कधी सांगितलं होतंस का? हो की नाही, एवढंच कळव. ह्यासाठीच हे पत्र.

उद्या एकोणीस. नारळ सोलायला बसतो.