रविवारच्या प्रार्थनेत दादाचं नाव

लातूर, ८ एप्रिल १९८३

चि. पंचफुला हिस,
निवृत्तीदादाचा जय भीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. जिल्हा नवा झाला, पण पाण्याची बोंब जुनीच. कलेक्टर कचेरीत मला टँकरचं टेबल दिलंय. दिवसभर लोकांचा गराडा असतो.

आता मुद्द्याचं. रेल्वेतला आपला किशनराव परवा इथे आला होता. तू चर्चमध्ये जातेस हे मला ठाऊक होतं. दुष्काळात दूधभुकटी मिळत असेल म्हणून गप्प बसलो. पण तिथे दर रविवारी माझं नाव, आडनावासकट, घेतलं जातं म्हणे! बाई, ही काय भानगड? मलाही त्यांच्यात जमा केलंस का? माझी नोकरी नवबौद्धाच्या दाखल्यावर आहे. उद्या कुणी तक्रार केली तर घरी बसावं लागेल. आपल्या बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली ती काय यासाठी? आधी ते नाव बंद कर. तोवर बाबांच्या पुण्यानुमोदनाला येऊ नकोस.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहे, पण सध्या राग जास्त आहे.

निवृत्ती

मुदखेड, १७ एप्रिल

ती. दादांस,
पंचफुलाचा जय भीम. (तो अजून विसरले नाही.) वि. वि.

दूधभुकटी कुणी दिली नाही. उलट चर्चची झाडलोट गळ्यात पडली आहे. आमच्याकडे रीत अशी, की स्वतःचं गाऱ्हाणं मांडायचं नाही. ज्याच्याशी वाकडं आहे त्याचं नाव घ्यायचं आणि त्याची अडचण देवाला सांगायची. माझं वाकडं तुमच्याशी होतं. बाबांचं दुखणं तुम्ही कळवलं नाही. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. सुरुवातीला तुमचं नाव दात-ओठ खाऊनच घेतलं.

पण पुढे अडचण सांगावी लागते ना! मग विचार करू लागले. बाबांना एकट्यानं दवाखान्यात नेलंत, कचेरीत शिव्या खाता, घरी चकार शब्द काढत नाही. येशूला सगळ्यांचंच ओझं दिसतं म्हणतात. मला आजवर फक्त माझी घागर दिसत होती. हापशावर मी किती भांडायची! आता पुढची बाई कुठून चालत आली तेही दिसतं. पाणी वाढलं नाही दादा, पण जीव पहिल्यासारखा आवळत नाही.

बाबांच्या कार्यक्रमाला येऊ द्या. दारात उभी राहीन.

बहिणीवर माया असू द्यावी.

पंचफुला

लातूर, २८ एप्रिल

चि. पंचफुला हिस,
जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मला खरं वाटलं नाही. म्हणून किशनरावाला गेल्या रविवारी तुमच्या चर्चमध्ये मागे बसवलं. तो सांगतो, तू उभी राहून म्हणालीस, माझा भाऊ जेवणाचा डबा तसाच परत नेतो, त्याला दोन घास गोड लागू देत. हे तुझ्या वहिनीशिवाय कुणाला ठाऊक नाही. तिची चौकशी वेगळी चालू आहे. पण खोटं नाही ते. समोर बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असल्या की घास उतरत नाही.

तुझा देव मला पटत नाही. संशयही पुरता गेला नाही. पण बाबांच्या वेळी मी असा वागलो, आणि तू माझ्या जेवणाची काळजी करतेस, हे ऐकून मला रडू आलं. ये. दारात नाही, आईशेजारी बस.

व्यंकटराव दाजींना जय भीम, मुलांना आशीर्वाद. लोभ पहिल्यासारखाच आहे.

निवृत्तीदादा

ता. क. राग मिटला म्हणून रविवारी माझं नाव घ्यायचं थांबवू नकोस. फक्त आडनाव घेऊ नकोस.