माझ्या बागेतल्या केळीचे कूळ लेखी ठरवून मिळणेबाबत

ब्वालुगोंडो,
दि. ४ सप्टेंबर

प्रति,
मा. विस्तार अधिकारी (केळी),
केळी संशोधन उपकेंद्र,
लुकोमेरा

विषय : वाण क्र. १४ ही केळ मांबा कुळाची आहे किंवा नाही, हे सही-शिक्क्यानिशी कळविणेबाबत. (मुलीचा मागणीसमारंभ १९ तारखेस असल्याने अति तातडीचे.)

संदर्भ : १) आपल्या उपकेंद्राचे हिरवे माहितीपत्रक.
२) माझ्याच बागेत भरलेल्या शेतकरी मेळाव्यात, तिसऱ्या ताटानंतर, आपण केलेले भाषण.

महोदय,

१. अर्जदार दमियानो झिवा, राहणार ब्वालुगोंडो, शिक्षण सातवी. पुढचे सर्व स्वतः वाचून. मी मांबा कुळातला. मांबा म्हणजे साप नव्हे. तळे आटले की चिखलात स्वतःला गाडून घेऊन पाऊस येईपर्यंत झोपणारा तो मासा, तो आमचे देवक. आपले देवक खायचे नाही आणि आपल्याच कुळात लग्न करायचे नाही, हे दोन नियम आपणांस ठाऊकच आहेत. तरी फाइल वर गेल्यास वरच्या टेबलावरील साहेबांस कळावे म्हणून लिहिले आहे.

२. गेल्या वर्षी आपण स्वतः माझ्या दारी येऊन, वडीलधाऱ्या माणसाला हाक मारतात तसे 'मुझे' म्हणून, म्हणालात, "मुझे, ही जुनी केळ उपटा. नवी लावा. दुष्काळात मरणार नाही, नुसती झोपेल." आपल्या शब्दाखातर मी वडिलांच्या हातची बाग मुळासकट काढली आणि वाण क्र. १४ चे तीनशे चाळीस गड्डे लावले. केळ उत्तम आली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. जुलैत सगळ्या गावाची केळ करपली. माझी पाने मिटून उभी राहिली आणि पहिल्या सरीला जागी झाली. तक्रार केळीच्या तब्येतीबद्दल नाही. तक्रार तिच्या नात्याबद्दल आहे.

३. आपल्या हिरव्या पत्रकात तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत छापले आहे, की झोपेचा हा गुण मांबा माशाच्या जीनवरून घेतला आहे. हे पत्रक माझी मुलगी प्रॉस्कोविया हिने आमच्या कुळाचे थोरले, येरोनिमो आजोबा, यांना मोठ्याने वाचून दाखवले. आजोबांना दिसत कमी, पण ऐकू फार चांगले येते. ते काठी टेकत बागेत आले, झोपलेल्या केळीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा आपलाच. झोपलाय बघ कसा, अगदी तुझ्या बापासारखा. दमियानो, ह्याला हात लावशील तर खबरदार!"

४. त्या दिवसापासून मी माझ्या बागेतले केळे खाल्लेले नाही. माझी पत्नी तेओपिस्ता अळंबी कुळातली, तिला आडकाठी नाही. ती रोज माझ्यासमोर पानात वाफवलेला, कच्च्या केळ्यांचा पिवळाधमक मटोके शेंगदाण्याच्या कालवणाशी खाते आणि मला उकडलेला कसावा वाढते. वर म्हणते, "तुमचे भाऊबंद गोड आहेत हो. जिवंतपणी कुणी एवढं गोड नव्हतं." साहेब, लग्नाला सव्वीस वर्षे झाली, असा छळ तिने पूर्वी केला नव्हता.

५. मी आपल्या उपकेंद्रात विचारायला आलो असता पांढऱ्या कोटातील बाईंनी समजावले, की एकाही माशाला हात लागलेला नाही. संगणकावर अक्षरे जुळवून तो जीन प्रयोगशाळेत बनवला आहे. मला पटले. मी ते येरोनिमो आजोबांना जसेच्या तसे सांगितले. आजोबा म्हणाले, "तुझ्या बापाचं नाव टाइप करून लिहिलं, तर बाप बदलतो का रे?" मी पुन्हा जाऊन पांढऱ्या कोटातील बाईंना हेच विचारले. त्यांनी चहा दिला.

६. पुढील प्रकार लिहिताना लाज वाटते, पण आता लाजून भागणार नाही. केळीचा घड उतरवला की खुंट कापावा लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी दोन खुंट कापले. आजोबांनी ते, आमच्यात मयताला गुंडाळतात तसे, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून वडिलांच्या शेजारी पुरायला लावले आणि मला दोन दिवस अंगणात शेकोटीपाशी बसवले. गावातील माणसे भेटायला आली. काही रडलीसुद्धा, ती कशासाठी हे मी विचारले नाही. पुरण्याआधीच एका मयताची अर्धी साल आमच्या शेळीने खाल्ली. त्या शेळीचे काय करायचे यावर कुळाची बैठक तीन तास चालली. उर्वरित तीनशे अडतीस केळींना आजोबा सध्या कुळातली नावे देत आहेत. एकशे बारापर्यंत आले आहेत. कोपऱ्यातल्या वाकड्या केळीला माझे नाव दिले आहे.

७. शेजारी बोनिफास हा माकड कुळातला. तो रोज सकाळी कुंपणावरून येतो, घड उतरवतो आणि मला उभ्या उभ्या सांगतो, "मुझे, तुम्हाला तर चालत नाही. वाया जाण्यापेक्षा मी नेतो. आमच्या कुळाला केळ्याची बंदी कुणी घातलीय?" मी अडवले तर म्हणतो, "तुमच्या चुलत्याला मी घरी पाहुणा म्हणून नेतोय." यावर कायद्याचे कोणते कलम लागते ते आपणच सांगावे. शिवाय खुंट तो कापत नाही, मला सुतक नको म्हणून. एवढी माणुसकी त्याच्यात आहे.

८. आता मुख्य मुद्दा. माझी मुलगी प्रॉस्कोविया हिला मागणी घालायला अचिलेओ नावाच्या मुलाकडचे लोक १९ तारखेला येत आहेत. मुलगा हत्ती कुळातला, शिक्षक आहे, न पिणारा आहे, आणि मुलीच्या मनात आहे. मुलीच्या बापाने त्या दिवशी पाहुण्यांना आपल्या बागेतला मटोके वाढायचा असतो. विकत आणून वाढला तर गाव सात वर्षे बोलते. माझ्या बागेत नातेवाईकांव्यतिरिक्त काहीही नाही. आजोबा म्हणाले, "मुलीच्या मागणीला तिचेच काके शिजवून घालशील?"

९. एवढ्यावर भागले असते तर मी पाहुण्यांना कसावा वाढून गावाचे बोलणे सोसले असते. पण मेळाव्यात लोकांची भीती घालवण्यासाठी आपण हसत हसत म्हणालात, "घाबरता कशाला? माणसाचे निम्मे जीन केळीसारखेच असतात!" साहेब, ही गोष्ट खरी असेल. मी पुस्तकात पाहिले, तिथेही जवळपास तसेच लिहिले आहे. पण प्रत्येक खरी गोष्ट भोंग्यातून सांगायची नसते. येरोनिमो आजोबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी घरी जाऊन बोटांवर हिशेब मांडला तो असा : अचिलेओ निम्मा केळ, केळ आपल्या कुळातली, म्हणून अचिलेओ निम्मा आपल्या कुळातला, आणि एका कुळात लग्न होत नाही. आजोबांच्या लेखी लग्न मोडले.

१०. मुलगी आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. पत्रक आजोबांना तिनेच वाचून दाखवले हे ती विसरली, बाग मी लावली हे मात्र विसरत नाही. अचिलेओ सायकलवरून आला आणि आजोबांपुढे गुडघे टेकून म्हणाला, "आजोबा, ती सगळीच्या सगळी केळ असली तरी मी तिच्याशीच लग्न करीन." पोर भले आहे. पण आजोबा म्हणाले, "हत्तीच्या घरी केळ द्यायची? दुसऱ्या दिवशी शिल्लक राहील का ती?" प्रॉस्कोविया जी आत गेली ती अजून पुरती बाहेर आलेली नाही. जेवायला येते, ताट घेऊन जाते.

११. महोदय, आता स्पष्ट लिहितो. राग आला तर येऊ द्या, मला रोज येतो. मोठमोठ्या सभागृहांत आपली माणसे वाद घालतात, की अशी केळ लावावी की लावू नये, शरीराला बाधेल की नाही, बियाणे कोणाच्या मालकीचे. सगळे रास्त प्रश्न आहेत. पण हिच्याशी आमचे नाते काय लागते, हे विचारायचे एकालाही सुचले नाही. उंदरांना खाऊ घालून पाहिलेत. उंदरांना कूळ नसते.

१२. आजोबांनी एकच वाट ठेवली आहे. "कुळातल्याच कुणी जाणत्या, शिकलेल्या माणसाने लिहून द्यावं, की ही केळ आपली नव्हे. मी मानीन." असा माणूस मी तालुकाभर शोधला. शेवटी घरातली जुनी छायाचित्रे काढली. बारा वर्षांपूर्वी कुळांच्या फुटबॉल स्पर्धेत मांबा कुळाचा गोलरक्षक म्हणून, मधोमध, हातमोजे घालून, आपणच उभे आहात. त्या सामन्यात आपण माकड कुळाकडून सहा गोल खाल्लेत. बोनिफास त्याची आठवण अजून काढतो. मेळाव्यात आपण वाण क्र. १४ चा मटोके तीन ताटे खाल्लात. त्याचेही छायाचित्र आहे, आणि त्यात आपण बोटे चाटत आहात.

१३. तेव्हा नम्र विनंती, की खालीलपैकी एकावर खूण करून सही-शिक्का द्यावा :
(अ) वाण क्र. १४ मांबा कुळाची नाही. मी ती बिनघोर खाल्ली. प्रॉस्कोवियाचे लग्न होण्यास माझी हरकत नाही.
(ब) वाण क्र. १४ मांबा कुळाची आहे. मी आपले तीन चुलते खाल्ले.
तिसरा पर्याय ठेवलेला नाही. दोन्ही छायाचित्रांची दुसरी प्रत पाकिटात घालून ठेवली आहे. उत्तर १२ तारखेपर्यंत न आल्यास ते पाकीट येरोनिमो आजोबांना देण्यात येईल, आणि प्रॉस्कोविया त्यांना त्यात काय दिसते ते मोठ्याने सांगेल.

(अ) आल्यास १९ तारखेला जेवायला अवश्य यावे. पहिले ताट आपले.

आपला, आणि बहुधा आपल्याच कुळातला,
दमियानो झिवा
(सही)

सोबत :
१) छायाचित्रे दोन.
२) घड एक, ताजा. नाव फॉस्टिनो. खूण (अ) वर असल्यास शिजवून खावा. (ब) वर असल्यास सालीच्या कापडात गुंडाळून परत पाठवावा. वडिलांशेजारी अजून जागा आहे.