कानोनिकची जागा

२ डिसेंबर
आले एकदाची! खोली ऐसपैस आहे, पूर्वेकडून ऊन येतं, खिडकीला भक्कम गज, आणि गजांपलीकडे हंगाम संपल्यावर उपसून कोरडी केलेली माशांची तळी. घरमालकीण तेओफिलाबाईंनी बीटाचं सार केलं होतं. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? निवृत्तीनंतर मला असंच शांत घर हवं होतं.

एक गोष्ट मात्र खटकली. दिवाणखान्यात काचेची टाकी आहे आणि तीत हातभर लांबीचा कार्प मासा. नाक या काचेला, शेपूट त्या काचेला. एका नाताळात तळायला आणला होता म्हणे. बाईंच्या दिवंगत नवऱ्याने गंमत म्हणून त्याला ‘कानोनिक’ ही बड्या पाद्र्याची पदवी देऊन टाकली, आणि नाव ठेवलेला मासा खाणार कोण? तेव्हापासून तो तिथेच आहे.

३ डिसेंबर
बाईंना विचारलं, याला वळता तरी येतं का? तर म्हणाल्या, वळून जायचंय कुठे त्याला, चर्चला उशीर होतोय का? मी नीट समजावलं, की वाढणाऱ्या माशाला त्याच्या लांबीच्या कितीतरी पट टाकी लागते, नाहीतर पाठीला बाक येतो, आतून सडतो तो. त्यावर इथल्या प्रत्येकाचं ठरलेलं उत्तर: मासा टाकीपुरताच वाढतो. अडाणीपणा नुसता! कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेदिक्ता सांगायच्या, की मुक्या जिवाला कोंडणं हेही पापच. ते ऐकवलं, तर बाई म्हणतात, तपासनीसबाई, शाळा सुटली, आता माझं घर तपासताय होय?

६ डिसेंबर
मीच मोठी टाकी आणवली. शेजारच्या गेर्वाझींनी उचलायला हात लावला. कानोनिकने मस्त गिरकी घेतली. बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. नका येऊ!

९ डिसेंबर
नाक या काचेला. शेपूट त्या काचेला.

काचेमुळे मोठा दिसत असेल म्हणून फूटपट्टी लावली. तसं नाही. बाईंनी छातीवर क्रॉस काढला आणि म्हणाल्या, सांगत होते ना! म्हणजे गुन्हेगार मी? इतकी वर्षं दाबलेली वाढ आहे ती, एकदम होणारच.

१२ डिसेंबर
न्हाणीघरातल्या टबात सोडला. नाताळाआधी अर्धा पोलंड टबात कार्प ठेवतो, तेव्हा मला वेडी म्हणायची सोय नाही. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. हात जोडले चक्क. म्हणाल्या, ह्यांना पण अशीच दया आली होती, नवी टाकी आणणार म्हणून याला थोपटायला गेले, तर दोन बोटं घेतली याने. मी म्हटलं, दारूच्या नशेत करवतीवर घातली असतील. त्या बाजूला झाल्या.

१५ डिसेंबर
टबही त्याने भरला. नळ वाकलाय. पाव टाकला तर पावाकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो.

बाई बहिणीकडे निघून गेल्या. मलाही चला म्हणत होत्या. मी पळणारी नाही. पायरीवरून ओरडून सांगत होत्या, की टब दिलात ना, टबापुरताच राहील. आता आणखी काही देऊ नका. तोंडानेसुद्धा देऊ नका हो!

२४ डिसेंबर
कपाटात ताटं दोनच. एक बाईंचं, एक माझं. म्हणजे अवचित येणाऱ्या पाहुण्याचं जादा ताट आजच्या दिवशीही या घरात मांडत नाहीत! कॅथलिक म्हणवतात! मी रिवाजाप्रमाणे मेजपोशाखाली गवत पसरलं, माझ्यासमोर बाईंचं ताट पाहुण्यासाठी मांडलं. पहिली चांदणी दिसली, म्हणजे जेवायला बसायची वेळ झाली. कोणी आलं नाही. न्हाणीघरात पाणी हिसळत होतं, सारखं, मुद्दाम केल्यासारखं. मला चीड आली. मोठ्याने म्हणाले, या कानोनिकसाहेब, ताट मांडलंय, घर आपलंच समजा!

पाण्याचा आवाज थांबला.

मी काय बोलून बसले ते आत्ता लक्षात येतंय. सामान भरलंय. उद्या सणामुळे बस नाही, पण उजाडलं की चालत जाईन.

२५ डिसेंबर, सकाळ
न्हाणीघराचं दार मोडून पडलंय. दिवाणखाना अर्धा त्याचा. ओले खवले, कौलांएवढे. बाहेरचं दार त्याच्या पलीकडे—

दुपार
माझ्या खोलीची भिंत आत येते, बाहेर जाते. भिंत नव्हे. कल्ले. गेर्वाझींना हाका मारतेय, पण सगळे चर्चमध्ये. गज हलत नाहीत.

ओरडून सांगितलं, घर तुझं नाही, परत घेतलं मी. ऐकत नाही. पाहुण्याला कोणी—

दार उघडलं. मी नाही उघडलं. चौकटभर ओठ. जाड, मऊ. शोषतायत. खुर्ची गेली. उशी. पलंग सरकतोय, एका हाताने खिडकीचा गज धरलाय, दुसऱ्याने लि—